जास्वंदीला बी-कॉम्प्लेक्स : चाळीस कुंड्यांचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

कोल्हापुरात कळंब्याकडं जाणाऱ्या रस्त्यावर माझी छोटी रोपवाटिका आहे. गिऱ्हाईक बहुतेक शहरातलंच. गच्चीवर दहा-पंधरा कुंड्या, आणि एखादं रोप मेलं की ‘माझा हातच वाईट’ म्हणणारं. हे प्रकरण त्यातल्याच एका घराचं. नावं देत नाही, काका आणि काकू एवढं पुरे. लिहायला दोघांची परवानगी आहे, काकांची जरा कुरकुरत.

काकांचं अख्खं आयुष्य औषधांच्या दुकानात गेलं. काकू शाळेतून निवृत्त झालेल्या. झाडं काकूंची. मंगळवार पेठेतल्या जुन्या घराच्या परसात त्यांच्या चाळीस कुंड्या होत्या: जास्वंद, मोगरा, अनंत, कढीपत्ता, गुलाब, दोन लिंबं, तुळस आणि किरकोळ. परसात चिंचेची सावली, पाणी आडाचं, माती पन्हाळ्याकडनं कधीकाळी आणलेली तांबडी. पंचवीस वर्षं ही झाडं अशी वाढली की काकूंना खत कशाशी खातात ते विचारायची वेळ आली नाही.

पाडव्याच्या आदल्या आठवड्यात ते साने गुरुजी वसाहतीजवळच्या नव्या इमारतीत राहायला गेले. कुंड्या छोट्या हत्तीतून दोन खेपांत आल्या. नवी गच्ची तिसऱ्या मजल्यावर, चारी बाजूंनी उघडी, सकाळी आठापासून ऊन. पाणी बोअरचं. जागा मोठी मिळाली म्हणून काकूंनी बावीस झाडं मोठ्या कुंड्यांत हलवली. त्यासाठी माती कमी पडली, तेव्हा टेम्पोवाल्यानं शिरोळकडच्या पाहुण्यांच्या शेतातनं आठ पोती काळी माती आणून दिली. उरलेली अठरा झाडं जुन्याच कुंड्यांत, जुन्याच मातीत राहिली.

हा बावीस आणि अठराचा हिशेब लक्षात ठेवा. आम्हा कुणाच्याच तो महिनाभर लक्षात आला नाही.

अडचण

आठ दिवसांत जवळजवळ सगळ्याच झाडांनी माना टाकल्या. मोगऱ्याची पानं खाली, गुलाबाच्या कळ्या काळ्या पडून गळाल्या, लिंबाखाली सकाळी पानांचा सडा. घर बदललं, सावली गेली, वारा लागला, मुळं हलली, तेव्हा हे होणारच होतं. बदली केलेल्या झाडाची मुळं तुटलेली असतात, पानं मात्र तेवढीच राहतात. जेवढं पाणी पानातून उडतं तेवढं मुळं वर देऊ शकत नाहीत, मग झाड पानं टाकून हिशेब जुळवतं. बघणाऱ्याला ते मरण वाटतं, झाडाच्या बाजूनं तो शहाणपणा असतो.

काकूंचा जीव मात्र खालीवर. शेजारच्या सूनबाईंनी सांगितलं, गुलाबाला बी-कॉम्प्लेक्सची गोळी घाला, आमच्याकडं भराभर फूट आली. काकांना हे ऐकून आनंदच झाला. घरात गोळ्यांची कमी नव्हती, मुदत संपलेल्या पट्ट्यांचा डबाच होता. ‘माणसाला अशक्तपणा आला की आपण काय देतो? मग झाडाला का नको?’ हा त्यांचा युक्तिवाद, आणि ऐकायला तो बरोबरच वाटतो.

त्याच रविवारी तीन गोष्टी एकदम झाल्या. प्रत्येक कुंडीत दोन गोळ्या खुपसल्या. गच्चीवर हिरवी नेट बांधली. आणि पाणी दिवसातनं दोनदा सुरू केलं. मंगळवारी संध्याकाळी वळीव झाला, गारांसकट. पुढच्या आठवड्यात बऱ्याच झाडांना कोवळी फूट दिसली.

श्रेय कुणाला मिळालं हे सांगायला नको.

पण सगळी झाडं सावरली नाहीत. जास्वंद, अनंत, कढीपत्ता आणि मोगऱ्याच्या काही कुंड्यांत नवीन पान यायचं तेच पिवळं. शिरा हिरव्या, मधला भाग लिंबासारखा. दर नव्या पानाला रंग आणखी फिका. काकांनी डोस वाढवला, दोनाच्या चार गोळ्या. मग मुंग्या आल्या. गोळ्यांना साखरेचं आवरण असतं, ते पावसानं विरघळलं आणि कुंडीच्या काठानं लाल मुंग्यांची रांग लागली. थोड्याच दिवसांत जास्वंदीच्या शेंड्यावर पिठ्या ढेकूणही दिसला. मुंग्या त्याच्या गोड चिकट्यासाठी त्याला राखतात, हे खरं आहे. पण तो गोळ्यांमुळंच आला असं मी म्हणणार नाही, जास्वंदीवर तो एरवीही येतो.

मे महिन्याच्या सुरुवातीला काकू पिशवीत चार पानं घेऊन माझ्याकडं आल्या. इथं माझी पहिली चूक. दुकानात गर्दी होती. पानं नीट न बघता मी म्हणालो, ‘जागा बदलल्याचा धक्का हाय, काकू,’ आणि शेल्फावरची टॉनिकची बाटली काढून दिली. बाटलीवर ठळक अक्षरांत व्हिटॅमिन बी-वन लिहिलं होतं. म्हणजे काका फुकटात जे करत होते, तेच मी पैसे घेऊन करायला सांगितलं.

दहा दिवसांनी काकू परत आल्या. या वेळी अनंताची अख्खी फांदी होती. त्या काही बोलल्या नाहीत, फांदी टेबलावर ठेवली. पान जवळजवळ पांढरं झालं होतं, कडा करपलेल्या. ऊसवाल्या कुणीही ते पान बघून एक शब्द उच्चारला असता: केवडा. कोल्हापूर जिल्ह्यात चुनखडीच्या रानात उसाला लोह मिळालं नाही की पोंगा असाच पिवळा-पांढरा पडतो, आणि शेतकरी त्याला केवडा पडला म्हणतो. मी स्वतः ऊसवाल्याचा मुलगा, तरी कुंडीत केवडा बघायची सवय नसल्यानं दहा दिवस घालवले.

समोरचे पर्याय

त्या संध्याकाळी मी गच्चीवर गेलो. सगळ्यात आधी एकच केलं: काळ्या मातीत हलवलेल्या कुंड्या एका बाजूला, जुन्या मातीतल्या दुसऱ्या बाजूला लावायला सांगितल्या. काकूंनी ओढायला सुरुवात केली आणि अर्ध्यावर थांबल्या. एका बाजूला हिरवं, एका बाजूला पिवळं. तुळस आणि एक गुलाब सोडला तर चूक एकाही कुंडीत नव्हती.

म्हणजे दुखणी दोन होती. बदलीचा धक्का सगळ्यांनाच बसला होता. तो नेट, पाणी, वळीव आणि मुख्यतः दिवस गेल्यानं ओसरला. दुसरं दुखणं फक्त बावीस कुंड्यांचं, आणि त्याला बी-कॉम्प्लेक्स लागूच पडत नव्हतं. काकांच्या डोक्यात मात्र अठरा बऱ्या झालेल्या होत्या आणि बावीसना डोस कमी पडत होता.

काळी माती हातात घेऊन चोळली तर ज्वारीच्या दाण्याएवढे पांढरे खडे. काकूंकडनं व्हिनेगर मागितलं, चमचाभर मातीवर टाकलं. फसफस ऐकू येण्याइतकी झाली. काका खाली वाकून बघत होते. त्यांना रसायन कळतं, सांगावं लागलं नाही: ‘कार्बोनेट हाय की रे हे.’ तांबड्या मातीवर टाकलं तर नुसतं मुरलं.

चुनखडीच्या मातीत लोह नसतं असं नाही, भरपूर असतं. पण मातीचा सामू (पीएच) साडेसातच्या वर गेला की ते मुळांना उचलता येईल अशा रूपात राहत नाही. त्यात बोअरचं जड पाणी रोज दोनदा, म्हणजे चुन्यात आणखी चुना. अनंत, जास्वंद, कढीपत्ता यांना तर आधीपासून आंबूस मातीची सवय. दर नव्या पानाला लोह कमी पडत गेलं आणि जुनं पान हिरवंच राहिलं, कारण झाडाला लोह जुन्या पानातून काढून नव्याला देता येत नाही. नत्र कमी असतं तर उलटं, खालची पानं आधी पिवळी पडली असती. हे एवढं पहिल्या दिवशी त्या चार पानांवरनं कळायला हवं होतं.

आता पर्याय. गोळ्या चालू ठेवणं, टॉनिक चालू ठेवणं, हिराकस (लोहाचं सल्फेट) फवारणं, चिलेटेड लोह (मातीत अडकू नये म्हणून दुसऱ्या रेणूत धरून ठेवलेलं लोह) मातीतून देणं, किंवा सगळी माती बदलणं. शेवटचं सगळ्यात खात्रीचं, पण मेच्या उन्हात, महिन्यापूर्वीच हलवलेली झाडं पुन्हा उपटायची म्हणजे पहिलं दुखणं परत. ते पावसावर ढकललं. हिराकस स्वस्त, पण पानावरच काम करतं आणि पुन्हापुन्हा फवारावं लागतं. चिलेटेड लोहात ईडीटीए आणि ईडीडीएचए असे दोन प्रकार मिळतात. चुनखडीच्या मातीत पहिलं लवकर निकामी होतं, दुसरं टिकतं. ते महागही असतं. मी दोन्हींचा मेळ सुचवला: लगेच दिसावं म्हणून पानावर हिराकस, टिकावं म्हणून मुळाशी ईडीडीएचए.

आणि गोळ्या? काकांनी सरळ विचारलं, ‘मग तुझ्या त्या बाटलीवर बी-वन छापतात ते काय उगीच?’

प्रश्न रास्त होता. उत्तर द्यायला मागं जावं लागतं. व्हिटॅमिन हा शब्द १९१२ मध्ये काझिमिर फुंक यांनी काढला, तो माणसा-प्राण्यांसाठी: शरीराला लागतं पण शरीर बनवू शकत नाही, म्हणून अन्नातून घ्यावं लागतं असं काहीतरी. बी-वनचा शोध बेरीबेरीच्या मागं लागून लागला. पॉलिश केलेला तांदूळ खाणाऱ्यांना तो रोग व्हायचा, कोंड्यात त्यावरचा इलाज होता. पण कोंड्यात बी-वन कुणी घातलं? भाताच्या रोपानं. झाड आपली व्हिटॅमिनं स्वतःच रांधतं, आपण त्याच्या पंक्तीला बसतो. लिंबाला व्हिटॅमिन सीची गोळी घालणं म्हणजे उसाला गूळ चारणं.

मग बागेत बी-वन शिरलं कसं? १९३७ च्या सुमारास कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत जेम्स बॉनर यांनी वाटाण्याच्या मुळाची टोकं कापून काचेच्या भांड्यात वाढवली. बी-वन घातलं की ती वाढायची, नाही घातलं की थांबायची. कारण साधं: झाडावर असताना मुळाला बी-वन पानांकडून येतं, कापल्यावर तो पुरवठा तुटला. पण बातमी बाहेर पडताना कापलेलं मूळ गळालं आणि ‘बी-वननं मुळं वाढतात’ एवढंच उरलं. अमेरिकेतल्या बागकामाच्या मासिकांनी १९३९ च्या आसपास ते उचललं, अवाढव्य फुलांची वर्णनं आली, विक्री सुरू झाली. पुढं अख्ख्या झाडांवर, मातीत, चाचण्या झाल्या तेव्हा फायदा दिसेना, आणि खुद्द बॉनर यांनीच बागेत-शेतात याचा उपयोग नाही असं मान्य केलं. बाटली मात्र राहिली. तिच्यात पुढं मुळं फुटायची संप्रेरकं आली, थोडं खत आलं. काही काम होत असेल तर ते त्यांचं, पाटीवर नाव बी-वनचं.

काका जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, ‘म्हणजे आयसीयूतल्या पेशंटचं सलाईन बिंदू चौकातनं चालत जाणाऱ्याला लावल्यागत झालं.’ याहून बरं मला सांगता आलं नसतं. टिश्यू कल्चरच्या, म्हणजे प्रयोगशाळेत बाटलीत वाढवलेल्या, केळीचं नेमकं असंच आहे. बाटलीतल्या त्या कोंबाला माध्यमातून बी-वन देतात. १९६२ पासून जगभर वापरात असलेल्या मुराशिगे-स्कूग माध्यमात ते लिटरला ०.१ मिलिग्रॅम असतं. तेच रोप आमच्याकडं पिशवीत आलं, पान हिरवं धरून उभं राहिलं की त्याचं ते बघून घेतं.

काकांचं समाधान मात्र झालं नाही. ‘पुस्तकातलं राहू दे, माझ्या डोळ्यादेखत अठरा झाडं उठली.’ इथं निर्णयाची जागा होती. गोळ्या बंद करा म्हणून सांगितलं असतं तर काकूंनी बंद केल्या असत्या, आणि काकांनी त्यांच्या पाठीमागं घातल्या असत्या. मी म्हटलं, करून बघू.

काय केलं

माझ्याकडनं एकाच मातृझाडाच्या कलमाची बारा जास्वंदं आणली, सगळी एका वयाची. एकाच दिवशी, एकाच तांबड्या मातीच्या मिश्रणात कुंड्यांत बदलली, म्हणजे धक्काही सारखा बसावा. सहा कुंड्यांना बी-वनचं पाणी, सहांना साधं. नेटखाली आलटून पालटून ठेवल्या. काकूंनी पाणी घालायचं आणि मोजायचं, पण कुठलं पाणी कुठलं ते त्यांना कळू द्यायचं नाही. बादल्या तांबडी आणि निळी. पाणी बनवणार काका.

पहिल्याच दिवशी घोळ. बी-कॉम्प्लेक्समध्ये रायबोफ्लेविन असतं, पाणी हळदीसारखं पिवळंधमक झालं. आंधळ्यालाही कळावं कुठली बादली कुठली. काकांनी तोडगा काढला: साध्या पाण्यात चिमूटभर हळद टाकू. मी नको म्हटलं, मग हळदीचाच प्रयोग व्हायचा. शिवाय काकांच्या पट्टीच्या पाठीवर झिंक सल्फेटही लिहिलेलं होतं. झिंक हे झाडाला खरोखर लागणारं सूक्ष्म अन्नद्रव्य आहे, आणि आपल्याकडच्या बऱ्याच जमिनीत ते कमी पडतं. म्हणजे त्या गोळीनं कुठं फरक पडला असता तरी तो व्हिटॅमिनचा की झिंकचा, हे सांगता आलं नसतं. शेवटी काकांनी ओळखीच्या दुकानातून नुसत्या बी-वनच्या शंभर मिलिग्रॅमच्या गोळ्या आणल्या. एक गोळी दहा लिटर पाण्यात, गाळ बसू देऊन फडक्यानं गाळून. लिटरला दहा मिलिग्रॅम झालं, प्रयोगशाळेतल्या माध्यमाच्या शंभरपट. डोस कमी पडला ही तक्रार नको म्हणून मुद्दाम तसं ठेवलं.

हे चालू असताना पिवळ्या कुंड्यांचं काम वेगळं सुरू होतं. बोअरचं पाणी बंद करून पिण्याच्या नळाचं आणि धुतल्या तांदळाचं पाणी द्यायला सांगितलं. दिवसातनं दोनदा पाणी बंद, बोट खुपसून माती बघून मगच. काळ्या मातीत दोनदा पाणी म्हणजे मुळं गुदमरायची, आणि गुदमरलेलं मूळ लोह आणखीच कमी उचलतं.

हिराकसच्या फवारणीत दुसरी चूक, तीही माझीच. लिटरला पाच ग्रॅम हिराकस आणि अर्ध्या लिंबाचा रस हे प्रमाण बरोबर सांगितलं, वेळ सांगायची राहिली. काकूंनी सकाळी अकराला फवारलं. मेचं ऊन. दुसऱ्या दिवशी मोगऱ्याच्या पानांवर काळे ठिपके, आणि नव्या कोऱ्या गच्चीच्या फरशीवर तांबूस गंजाचे डाग, जे अजून गेलेले नाहीत. पुढची फवारणी सूर्य कलल्यावर, खाली जुनी चादर अंथरून. ईडीडीएचए पाकिटावरच्या मापानं पाण्यात कालवून मुळाशी दिलं. ते पाणी रक्तासारखं लालभडक दिसतं, काकूंना पहिल्यांदा धस्स झालं.

मातीचा नमुनाही तपासायला दिला. अहवालात सामू ८.३ आला, मुक्त चुनखडीच्या रकान्यात ‘जास्त’. शिरोळ तालुक्यातल्या क्षारपड रानांची ख्याती सगळ्यांना ठाऊक आहे. क्षारता मात्र या नमुन्यात मर्यादेत होती. टेम्पोवाल्याला दोष देण्यात अर्थ नाही. ती माती उसाला चालत असेल, अनंताला नाही चालली.

मुंग्यांसाठी कुंडीच्या तळाखाली पाण्याची थाळी ठेवली आणि पिठ्या ढेकूण साबणाच्या पाण्यानं कापसानं पुसला. दोन आठवड्यांत संपला.

निष्पत्ती

हिराकसनं चौथ्या-पाचव्या दिवशी पानावर हिरवे ठिपके उमटले, जिथं थेंब पडला तिथंच. काकूंनी मला फोन करून बोलावून दाखवलं. पान भिंगाखाली धरल्यासारखं: पिवळ्या पानावर थेंबाच्या आकाराचे हिरवे गोल. लोहच कमी होतं याचा याहून उघड पुरावा मागायचं कारण नव्हतं. ईडीडीएचएचा परिणाम नव्या पानावर तीन आठवड्यांनी दिसला. जुनी पांढरी पानं पूर्ण हिरवी झाली नाहीत, ती गळून गेली.

बावीसपैकी अठरा कुंड्या सावरल्या. अनंत गेला. पंचवीस वर्षांचा होता, काकूंच्या आईनं दिलेला. माझ्या टॉनिकच्या त्या दहा दिवसांत गेला असं काकू कधी म्हणाल्या नाहीत, मी म्हणतो.

बारा जास्वंदींचं मोजमाप जूनच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत चाललं. बाराही जगल्या. गळलेली पानं, नवीन पानं, उंची, तिन्ही बाबतीत दोन्ही रांगा एकमेकींत मिसळून गेल्या: तांबड्या बादलीतली सगळ्यात उंच आणि सगळ्यात खुजी अशा दोन्ही कुंड्या निघाल्या. शेवटी काकूंना विचारलं, कुठल्या रांगेला व्हिटॅमिन मिळालं ते ओळखा. त्यांनी खात्रीनं निळी बादली दाखवली. निळ्या बादलीत साधं पाणी होतं.

काका हसले नाहीत. म्हणाले, ‘सहा-सहा कुंड्यांवर काय सिद्ध होतंय? आमच्या औषधांच्या चाचणीला शेकड्यानं माणसं लागतात.’ हेही बरोबरच. फरक बारीक असता तर सहा कुंड्यांत दिसलाच नसता. आमची चाचणी एवढंच सांगते की डोळ्याला दिसण्याइतका, गोळ्या विकत घ्याव्यात असं वाटण्याइतका फरक पडला नाही. शिवाय जूनच्या पावसानं दोन्ही रांगा सारख्याच धुऊन काढल्या.

आणि एक गोष्ट काकांच्या बाजूनं सांगायला हवी. पानावर थायामिन (म्हणजे बी-वनच) फवारल्यावर झाडाची रोगप्रतिकारशक्ती जागी होते, असं भातासह काही पिकांवर २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं होतं. तेव्हा झाडाला बाहेरून दिलेलं व्हिटॅमिन कुठंच काही करत नाही असं मी म्हणत नाही. पण ते रोगाविरुद्ध, पानावर, मोजून-मापून केलेलं काम. कुंडीत गोळी खुपसली की बदलीचा धक्का जातो किंवा पिवळं पान हिरवं होतं, याच्याशी त्याचा संबंध नाही.

मागं वळून बघताना

गोळ्यांनी झाडं मारली नाहीत. खरं नुकसान केलं ते गोळ्यांवरच्या विश्वासानं: अठरा कुंड्या ‘बऱ्या झाल्या’ म्हणून बावीस कुंड्यांकडं कुणी वेगळ्या नजरेनं बघितलं नाही. तीन उपाय एकाच रविवारी झाले नसते, नेट आधी आणि गोळ्या आठ दिवसांनी असं झालं असतं, तर काकांनाच ते दिसलं असतं. पण झाड माना टाकतंय आणि आपण हात बांधून आठ दिवस बसायचं, हे जमणारं माणूस मी अजून पाहिलेलं नाही.

काकूंकडून दोन गोष्टी वेगळ्या व्हायला हव्या होत्या. चाळीस कुंड्या तिसऱ्या मजल्यावर थेट उन्हात नेण्याऐवजी आठ-दहा दिवस जिन्यात किंवा भिंतीच्या आडोशाला ठेवून हळूहळू उन्हाला सोडायच्या. आणि पाडव्याला घर बदला, पण कुंड्या बदलायला पाऊस येऊ द्या. मुहूर्त माणसांसाठी असतो, मुळांना मृग लागतो. अनोळखी माती आणली की आधी एका कुंडीत, एका झाडावर.

माझ्या चुका जास्त महाग पडल्या. पहिल्या भेटीत मी तीन प्रश्न विचारायला हवे होते: पिवळं नवीन पान की जुनं? माती कुठली? पाणी कुठलं? तीन मिनिटांचं काम. त्याऐवजी बाटली विकली, कारण गर्दीत बाटली विकायला प्रश्न विचारण्यापेक्षा कमी वेळ लागतो. गिऱ्हाईकही काहीतरी हातात घेऊन गेल्याशिवाय खूश होत नाही. ‘काही करू नका, सावलीत ठेवा’ हा सल्ला शंभरात ऐंशी वेळा बरोबर असतो आणि त्याचे पैसे कुणी देत नाही.

टॉनिक मी अजून ठेवतो. मागणी आहे. पण आता गिऱ्हाईकासमोर बाटली फिरवून पाठीमागचं बारीक अक्षर वाचून दाखवतो: नत्र किती, संप्रेरक कुठलं, समुद्री शेवाळाचा अर्क आहे का. पुढच्या बाजूला काय छापलंय ते सोडून द्या म्हणतो. अर्धे तरीही घेऊन जातात. काउंटरवर मी व्हिनेगरची छोटी बाटली ठेवली आहे. पिवळं पान घेऊन येणाऱ्याला मूठभर मातीही आणायला सांगतो.

जुलैत, रिपरिप सुरू झाल्यावर, काकूंच्या सावरलेल्या अठरा कुंड्यांची काळी माती काढून तांबडी माती, शेणखत आणि पालापाचोळ्याचं खत भरलं. या वेळी पानं फारशी गळली नाहीत. गच्चीच्या पन्हाळीखाली दोनशे लिटरचं पिंप ठेवलंय, पावसाचं पाणी अनंतासाठी राखीव. अनंत नवा आहे, वीतभर. कढीपत्ता अजून थोडा फिका दिसतो, पण फोडणीला पुरतोय.

गेल्या आठवड्यात काका दुकानात आले. टॉनिकची बाटली उचलली, उलटी केली, चष्मा कपाळावर सरकवून मागचं सगळं वाचलं आणि जागेवर ठेवली. जाता जाता म्हणाले, ‘ते व्हिनेगर संपत आलंय बघ तुझं.’